गाडीखालचे सात कागद

आर. के. नगर, कोल्हापूर
रविवार, ३ मार्च २००२

चि. निशा हिस,

सप्रेम जयभीम व आशीर्वाद. संदर्भ: तुझे २२ फेब्रुवारीचे पत्र.

बुद्धपौर्णिमेला पुण्यात तुझ्या नव्या घरी वंदना आहे आणि आम्ही दोघांनी यावे, असे तू कळवलेस. स्वतःच्या नावावर घर घेतलेस, वाचून आनंद झाला. तुझ्या आईने पत्र चष्मा लावून दोनदा वाचले आणि आता ते तांदळाच्या डब्यात ठेवले आहे. का, ते विचारू नकोस. मी विचारले तर रागावली.

आमची यायची इच्छा आहे. चार वर्षे झाली तुला बघून. अडचण फक्त गाडीची आहे.

धम्मचक्र दिनाला नवी पांढरी गाडी घेतली, हे आईने फोनवर सांगितले असेलच. (तुझा फोन आला की मी रिसीव्हर तिच्याकडे देतो, कारण माझा आवाज फोनवर नीट जात नाही.) तर ही गाडी ऑइल गाळते. पहिल्या महिन्यातच अंगणातल्या फरशीवर डाग दिसला. शोरूमला नेली. तिथे विश्वजित म्हणून एक टाय लावलेला मुलगा आहे. तो म्हणाला, "काका, खालच्या नटाचा वायसर बदललाय, आता निवांत झोपा." मी झोपलो. गाडी जागी होती. सकाळी डाग.

दुसऱ्यांदा चेंबरचे पॅकिंग बदलले. तिसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवून मागचे सील बदलले आणि म्हणाले, कागलपर्यंत फिरवून आणा. मी कागलला गेलो, चहा घेतला, परत आलो. डाग. चौथ्या खेपेला विश्वजितने वाकून पाहिले आणि सांगितले की हे ऑइल नव्हेच, एसीचे पाणी आहे. मी म्हणालो, बाबा रे, हे पाणी काळे कसे? तर म्हणतो, "काका, रस्त्यावर धूळ किती हाय बघा की."

शेजारचे बाळासो रोज संध्याकाळी कुंपणावर हात ठेवून उभे राहतात. "धोंडीरामराव, गाडी आनली तवा चाकाखाली लिंबू ठेवलासा न्हाय. मग गळंल न्हाय तर काय हुईल?" मी त्यांना सांगितले, आमच्या घरात लिंबू सरबताला लागते. आम्ही विज्ञान मानणारी माणसे आहोत.

अशा गाडीने पुण्यापर्यंत यायचे म्हणजे धोका आहे. तुझी आई मात्र म्हणते, "एकतीस वर्सं एसटीत नोकरी केलीसा, आनि लेकीकडं जायला एसटी चालत न्हाय व्हय?" तिला यांत्रिक बाबी कळत नाहीत.

तू गाड्यांच्याच कामात असल्यामुळे सहज कळवले. बाकी चार वर्षांपूर्वीचा विषय या पत्रात नको, कारण कागद संपत आला आहे.

तुझा,
आबा

ता. क. मागची बाजू कोरी आहे, हे तुझ्या आईने आत्ताच दाखवले. पण आता जेवायची वेळ झाली.


आर. के. नगर, कोल्हापूर
रविवार, २४ मार्च २००२

चि. निशा,

सप्रेम जयभीम. तुझे चार ओळींचे पत्र मिळाले. आमच्या खात्यातसुद्धा एवढे आखूड कोणी लिहीत नसे.

"आबा, शोरूमला जाऊ नका. आठवडाभर रोज संध्याकाळी गाडीखाली नवा पेपर पसरा. सकाळी काढा, तारीख घाला, मला पाठवा."

त्याप्रमाणे केले. सोबत सात कागद जोडले आहेत. प्रत्येकावर पसरल्याची तारीख, वार आणि माझी सही आहे. साक्षीदार म्हणून तुझ्या आईची सही घेणार होतो, पण तिने हातात लाटणे घेऊन नकार दिला. डागाभोवती लाल पेन्सिलीने गोल काढले आहेत. समोरची बाजू कुठली हे कळावे म्हणून बाण केले आहेत.

काल यातले सहा कागद वजन करायला पोस्टात नेले होते. तिथल्या बाईंनी पुडक्याचा वास घेतला.

"काय लोणचं धाडताय व्हय आजोबा?"

"ऑइल आहे. मुलीला पाठवतोय."

"का? पुन्यात मिळंना झालंय?"

मागची रांग हसली. मी त्यांना सांगितले की माझी मुलगी गाड्यांच्या कारखान्यात इंजिनच्या लाइनवर सुपरवायझर आहे आणि तिने हे तपासणीसाठी मागवले आहे. मग बाईंनी गुमान दुहेरी पाकीट दिले. हे वाक्य मी बाहेरच्या माणसापुढे पहिल्यांदाच उच्चारले. बरे वाटले, एवढेच कळवतो.

एक खुलासा. रविवारच्या कागदावरचा डाग सर्वांत मोठा आहे आणि तिथून शनिवारपर्यंत तो लहान होत गेला आहे. रविवारच्या पुरवणीचा कागद पातळ असतो, त्यामुळे ऑइल पसरत असावे. त्याकडे फार लक्ष देऊ नकोस.

पौर्णिमेचे अजून नक्की सांगत नाही. गाडीवर अवलंबून आहे.

तुझा,
आबा


आर. के. नगर, कोल्हापूर
रविवार, २१ एप्रिल २००२

चि. निशा,

सप्रेम जयभीम. या वेळी तर तू एकच ओळ लिहिलीस. "आबा, रविवारी काय करता?"

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. पहिला मसुदा असा होता: रविवारी सकाळी विहारात जातो. येताना मटण आणतो. बाळासोंशी वाद घालतो. जेवतो. झोपतो. हे लिहून पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात तुझ्या आईने मागून वाचले.

"आनि ती ल्हान किटली? ती का लिवली न्हाईसा?"

तर लिहितो. मी दर रविवारी विहारातून आलो की बॉनेट उघडतो, तेल मोजायची पट्टी काढतो, आणि तेल कमी दिसले की तुझ्या आईच्या चहाच्या जुन्या किटलीने वर ओततो. एकतीस वर्षे डेपोच्या स्टोअरला मी ड्रायव्हर लोकांना ऑइल मोजून दिले. तेल कमी पडून इंजिन जाम झाले की कोणाकोणाला जाब द्यावा लागतो, ते मी पाहिले आहे. जास्त झाले म्हणून कोणाला बोलावलेले पाहिले नाही. आणि आपले अंगण उतरते, गाडीचे तोंड वर राहते. त्यामुळे पट्टीवर तेल नेहमीच कमी दिसणार, हे माझ्या ध्यानात आले नाही.

इथपर्यंत चूक होती. आता पुढचे.

दुसऱ्या दुरुस्तीच्या कागदावर तळाला बारीक अक्षरात लिहिले होते: ऑइल प्रमाणाबाहेर जास्त, काढले. विश्वजितने ते कधी वाचले नसावे. पण मी कारकून माणूस, तळाची बारीक अक्षरे आधी वाचतो. वाचली, कागदाची घडी केली, फाइलला लावला. आणि पुढच्या रविवारी पुन्हा किटली घेतली.

का, हे मी स्वतःलाही विचारले नव्हते. तुझ्या एका ओळीने विचारायला लावले.

ही गाडी मी तुझ्याकडे यायला घेतली, निशा. एसटीतून उतरून पिशवी धरून तुझ्या दारात उभा राहिलो असतो, तर तोंड उघडल्यावर पहिले त्या दिवसाचेच बोलावे लागले असते. गाडीतून आलो असतो तर आधी गाडीचे बोलणे निघाले असते. तू बॉनेट उघडून बघितले असतेस, मी बाजूला उभा राहिलो असतो, आणि तेवढ्यात सगळे आपोआप निवळले असते, असा माझा हिशेब. जानेवारीत निघायचे ठरले. आदल्या दिवशी फरशीवर पुन्हा डाग दिसला आणि, खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले. तुझ्या आईने भरलेली पिशवी रिकामी केली. मी रविवारी पुन्हा तेल घातले.

मी काय म्हणालो होतो ते तू विसरली नसशील. मीही नाही. तू नोकरीचा कागद घेऊन आलीस आणि मी बाबासाहेबांच्या फोटोखाली उभा राहून म्हणालो, "तुला शिकवलं ती हात काळं करायला न्हाय." माझ्या बापाचे हात लोकांच्या कामात काळे झाले, म्हणून ती धास्ती माझ्या मनात होती. पण त्याच्यावर ते काम लादलेले होते आणि तू तुझे काम स्वतः मिळवलेस. बाळासोंना विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढे कळू नये? माझे चुकले. तुला वाईट बोललो, आणि वर चार वर्षे गप्प बसलो.

किटली तुझ्या आईने लपवली आहे.

तुझा,
आबा


आर. के. नगर, कोल्हापूर
रविवार, १९ मे २००२

चि. निशा,

सप्रेम जयभीम.

तू या वेळी चार पाने पाठवलीस. तीन पाने गाडीची, एक पान माझे. ते पान तुझ्या आईला दिलेले नाही. खिशात आहे.

तू लिहिल्याप्रमाणे केले. गाडी बाळासोंच्या सपाट अंगणात लावली. थंड होऊ दिली. पट्टी काढून पुसली, परत घातली, मग वाचली. तेल खुणेच्या कितीतरी वर होते! तू म्हणतेस तसे, एवढे तेल इंजिनचा फिरता दांडा ताकासारखे घुसळत होता आणि दाब वाढून तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येत होते. विश्वजित बिचारा फटीच बदलत बसला. मी स्वतः खाली निजून नट ढिला केला आणि जादा तेल काढले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गाडीखाली गेलो. बाहेर यायला बाळासोंनी पाय धरून ओढले. मी खाली असताना त्यांनी चाकाला लिंबू लावून ठेवले होते. आता गळती थांबल्याचे श्रेय कोणाचे, यावर आमचा वाद चालू आहे.

पण गळती पूर्ण थांबलेली नाही. काल रात्रीच्या कागदावर दोन थेंब आहेत. सील ताणले असेल, असे तू लिहिलेच होतेस. कागद बघून मी तुझ्या आईकडे पाहिले. तिने माझ्याकडे पाहिले. ती उठून पिशवी भरायला लागली.

शनिवारी सकाळी सहाला निघतो. वाटेत बंद पडलीच, तर गाडी तिथेच ठेवून मिळेल त्या एसटीत बसणार. पास सोबत घेतला आहे.

तुझ्या दारात गाडीखाली पसरायला एक जुना पेपर काढून ठेव. आणि हात धुवायला काहीतरी जालीम लागेल. तीन वेळा साबण लावला, नखांतले काळे गेले नाही. मग म्हटले राहू दे, तिला दाखवू.

येतोच आहे.
तुझा, काळ्या हातांचा,
आबा