टाकीच्या तुलनेत

४ मार्च, मंगळवार

उपग्रह बारा दिवसांनी पुन्हा डोक्यावरून गेला. आकडे उतरवले, नकाशा केला. जुन्या बाजाराखालची जमीन आणखी चार मिलिमीटर खाली. नदीकाठ लाल. बाकी शहर हिरवं.

आपत्ती विभागाच्या मोठ्या बाईंनी नकाशा उभ्या-उभ्या पाहिला. दादाच्या गल्लीवर बोट ठेवून म्हणाल्या, इथे तरी शांतता आहे. मी मान हलवली. सही केली.

९ मार्च, रविवार

दादाकडे जेवलो. त्याच्या पुढच्या दाराला पुन्हा रंधा मारून झालाय — यंदा तिसऱ्यांदा. सुतार माणूस, घरचं दार घासलेलं त्याला सहन होत नाही. शेजारच्या चार घरचीही तीच रड. वहिनी म्हणाली, बाहेर कामं नसली तरी गल्ली यांना उपाशी ठेवत नाही.

मी म्हटलं, लाकूड फुगलं असेल. दादा म्हणाला, "फुगलेलं उन्हात बसतं रे. हे बसत नाही." मग कानावरची पेन्सिल काढून विचारलं, "तुझा उपग्रह काय म्हणतो?"

हिरवं म्हणतो, असं सांगितलं.

"मग झालं तर."

वहिनीने पुस्ती जोडली — भाऊजी आकाशातून बघून सांगतात, त्यापुढे दाराची काय बिशाद! हसलो सगळे. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

१० मार्च, सोमवार

काही विशेष नाही. पाठ दुखते.

१२ मार्च, बुधवार

चहाच्या वेळी शेजारच्या टेबलावरचा हवामानवाला माझ्या पडद्यात डोकावला. रंगवायच्या आधीचे कच्चे आकडे उघडे होते. म्हणाला, "काका, तुमचा दगडखाणीचा डोंगर वयात आला वाटतं. नऊ वर्षांत सव्वापाच इंच वाढलाय."

काळा दगड वाढत नाही. हवेतल्या बाष्पाने आकडे थोडे हलतात, तसं असेल, असं मी म्हटलं. तो म्हणाला, बाष्प येतं आणि जातं. नऊ वर्षं एका दिशेला जात नाही.

चहा निवला. प्यायलो तसाच.

१३ मार्च, गुरुवार

लिहून काढतो, म्हणजे डोक्यात नीट बसेल.

उपग्रहाला जमीन किती खचली ते थेट कळत नाही. शहरातला एक बिंदू हलत नाही असं धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या तुलनेत मोजायचं. नऊ वर्षांपूर्वी हा बिंदू मी निवडला — दादाच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पाण्याची टाकी. पक्की, काँक्रीटची. उपग्रहाला लख्ख दिसते. आणि खरं कारण लिहायचं तर, ती माझ्या ओळखीची होती. दर रविवारी तिच्याखालून जातो. तिच्याबद्दल शंका आली नाही.

आता ती टाकीच खचत असेल तर? तर न हलणारा डोंगर वर येताना दिसेल. आणि टाकीबरोबर खचणारी गल्ली जागच्या जागी दिसेल. हिरवी.

बाकी शहर थोडं-थोडं वर येताना दिसत होतंच. पण जे वर येतं तेही हिरवंच रंगवायचं, हा नियम माझा. लोक उगाच घाबरतात म्हणून केलेला.

सकाळी देवापुढे बसलो होतो. आजवर दोन गोष्टी स्थिर धरून चाललो, देव आणि टाकी. देवाची परीक्षा घेऊ नये, असं गावच्या शाळेत गुरुजी सांगत. टाकीची घ्यायला हवी होती.

१४ मार्च, शुक्रवार

डोंगराचा दगड स्थिर धरून सगळं पुन्हा काढलं. मशीनला साडेतीन तास लागले. मी तेवढा वेळ खिडकीशी उभा.

टाकी पहिल्या वर्षी सहा मिलिमीटर खाली. मग सात, आठ, दहा, बारा, पंधरा, एकोणीस, चोवीस. सरलेल्या वर्षात चौतीस. एकूण एकशे पस्तीस. दादाची गल्ली तिच्या मागोमाग — सेहेचाळीस घरं, सगळी लाल.

जुने कागद काढून पाहिले. गल्लीच्या जागी पूर्वी कौलांच्या मातीची खाण होती. भरून घरं बांधली. कागद आमच्याच कपाटात होते.

टाकीत पाच लाख लिटर पाणी असतं.

१५ मार्च, शनिवार

सुट्टी होती. दादाकडे गेलो, ओळंबा मागितला. कशाला ते त्याने विचारलं नाही. टाकीच्या गल्लीकडच्या खांबाला त्यानेच वरून दोरी धरली, खालचं अंतर मी पाहिलं. वजन स्थिर व्हायला वेळ लागला.

"दोन बोटं," दादा म्हणाला. "गल्लीकडे."

मी टाकीकडेच बघत राहिलो. त्याने दोरी गुंडाळली, ओळंबा खिशात टाकला. मग म्हणाला, "चल, चहा घे."

त्याला सांगायला हवं होतं. आधी बाईंना सांगायचं, असं मनाशी म्हटलं. नियम तसा आहे. नियमाचा आज आधार वाटला.

१७ मार्च, सोमवार

मोठ्या बाईंना दोन्ही नकाशे शेजारी-शेजारी ठेवून दाखवले. त्यांनी दोन्हींवर त्याच गल्लीवर बोट ठेवलं. मग विचारलं, आधीच्या नकाशांवर सही कुणाची? माझी, असं सांगितलं. नऊ वर्षं? नऊ वर्षं.

त्यांनी सुचवलं, की चूक यंदाच्या आकड्यांत सापडली, एवढंच लिहिता येईल. वाईट हेतूने नव्हे, मला वाचवायलाच. मी म्हटलं, "बाई, एकदा चुकीच्या जागी उभं राहून मोजलंय. आता परत नको."

त्यांनी चष्मा काढला. लगेच फोन उचलून टाकी रिकामी करायला सांगितलं. माझी चौकशी होईल हेही सांगितलं, त्याच आवाजात.

१९ मार्च, बुधवार

मोजणीवाले दुर्बीण लावून गेले. आकडा जुळला. गल्ली रिकामी करायचा हुकूम निघाला.

दादाच्या दारात नोटीस मीच नेली. वहिनी म्हणाली, भाऊजी, तुम्ही तर हिरवं म्हणाला होता. मी म्हटलं, माझी चूक झाली. ती आत गेली आणि भांडी बांधायला लागली. आवाजावरून कळत होतं, कशी बांधतेय ते.

दादाने नोटीस दोनदा वाचली. सही कुठे करू, एवढंच विचारलं.

२२ मार्च, शनिवार

सेहेचाळीस घरं रिकामी. माणसं प्रशिक्षण संस्थेच्या वसतिगृहात. दादा-वहिनी माझ्याकडे. दादा आमच्या घरातल्या फिरत्या खुर्चीवर बसत नाही. म्हणतो, हलते.

२७ मार्च, गुरुवार

सकाळी दहा वाजून गेल्यावर टाकीच्या दोन खांबांखालची जमीन बसली. टाकी कलून पहिल्या दोन घरांवर टेकली. टाकी रिकामी होती. घरंही.

दुपारी देवापुढे बसलो. काही मागितलं नाही.

२९ मार्च, शनिवार

चौकशीचं पत्र आलं. मंगळवारी अकरा वाजता. घरी सांगितलं. दादा म्हणाला, सोबत येतो. मी नको म्हटलं.

३० मार्च, रविवार

उरलेलं सामान काढायला गल्लीत तासभर जाऊ दिलं. दादाला फक्त पुढचं दार हवं होतं. बिजागऱ्या त्याने काढल्या, दार मी पेललं. बिजागरीच्या बाजूची कड दार उतरवल्याशिवाय दिसत नाही. तिच्यावर पेन्सिलने वरपासून खालपर्यंत ओळी. तारीख, आणि त्या दिवशी किती सूत रंधलं ते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पहिली ओळ आठ वर्षांपूर्वीची. आकड्यापुढे प्रत्येक ओळीत तेच चार शब्द.

सगळ्यात खालची ९ मार्चची:

"दीड सूत. धाकट्याला विचारलं. हिरवं आहे."