ग्रिड रिकामं, पण एरर एकही नाही

३ जून, सोमवार. सकाळी.
टीम लीडची जागा रिकामी झाली आहे. मॅनेजर म्हणाले, शुक्रवारचा डेमो नीट झाला तर तुमचा विचार करू. म्हणजे झालंच. डेमो दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटचा. माझ्याकडे एकच पान, आजच्या अपॉइंटमेंटचं ग्रिड: पेशंटचं नाव, वेळ, फोन, कुठला दात. दिसतंय सुंदर. फक्त आत पेशंट येत नाहीत. वर मथळे, खाली पांढरं. डेटा बाइंडिंगची, म्हणजे डेटाबेसातली माहिती ग्रिडच्या रकान्यांशी जोडण्याची, किरकोळ भानगड. जेवणाआधी मोकळा होईन.
संकल्प: कुणालाही विचारायचं नाही. होणाऱ्या लीडला शोभत नाही.

३ जून. संध्याकाळी.
झालं नाही. दोष डेटाबेसचा आहे. डेटाबेसवाल्याला तसं स्पष्ट सांगितलं. त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवून सगळे पेशंट दाखवले, एकूण एक, दातांसकट. मी म्हटलं, असतील, पण तुझ्या बाजूला आहेत. तो खुर्ची फिरवून बसला. या लोकांना टीका सोसत नाही.
ब्राउझर बदलून पाहिला. तिथेही तेच. म्हणजे दोष दोन्ही ब्राउझरमध्ये आहे.

४ जून, मंगळवार.
आमची टेस्टर न बोलावता आली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा तिला पगार मिळतो, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. विचारत होती, कुठला एरर येतोय? अभिमानाने सांगितलं, एकही नाही. माझ्या पानावर एरर दिसतच नाही. गेल्या वर्षी मीच तशी सोय करून ठेवली आहे: काही बिघडलं तर पानाने ते गुपचूप गिळायचं, बोंब मारायची नाही. लाल अक्षरं बघून लोक उगाच घाबरतात.
ती म्हणाली, "म्हणजे कुठे दुखतंय ते पेशंटने सांगूच नये, असा बंदोबस्त केलाय तुम्ही."
मी मान डोलावली. बरोबर समजलं तिला.
बायकोचं म्हणणं, विचारून टाक ना कुणाला तरी. विचारल्याने माणूस लहान होत नाही म्हणे. तिच्या ऑफिसात नसेल होत.

५ जून, बुधवार.
मुळापासून सुरुवात. सगळं काढून टाकलं आणि पुन्हा इन्स्टॉल केलं. सहकाऱ्याने केलेलं, कालपर्यंत चालणारं डॉक्टरांच्या यादीचं पानही आता रिकामं आहे. निदान दोन्ही पानांत सुसूत्रता आली.
ग्रिड बनवणाऱ्या कंपनीला कडक शब्दांत तक्रार पाठवली. तासाभरात उत्तर आलं. सोबत नवशिक्यांसाठीचा एक लेख. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण असल्याच कंपन्यांवरून पडली असावी. लेख वाचला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ जून, गुरुवार.
सापडलं. कारण नव्हे, उपाय. पेशंट डेटाबेसातून येत नाहीत ना? मग मीच थेट कोडमध्ये लिहिले. सहा जण. नावं सासरकडची, चटकन सुचतात. फोनच्या रकान्यात खोटा नंबर चालत नाही (ती तपासणीही माझीच), म्हणून पहिल्या ओळीत सासऱ्यांचा खरा घातला, बाकीचे रिकामे ठेवले. वेळ अकरा, अक्कलदाढ काढणे. ग्रिड कसं भरल्या घरासारखं दिसायला लागलं.
हे फसवणूक वगैरे नाही. तात्पुरतं आहे. डेमो झाला की काढायचं.

७ जून, शुक्रवार.
डेमो झकास. दवाखान्याच्या डॉक्टरीण बाई खूश. सोमवारपासून वापरता येईल का, असं त्यांनी विचारलं. आजपासून वापरा, म्हटलं. मॅनेजरनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. टेस्टरने "मला अजून तपासायला मिळालेलं नाही" असं काहीतरी काढलं होतं, पण टाळ्यांत ते ऐकू आलं नाही.
सासऱ्यांना फोन करून सांगितलं, जावई लीड झाला. होणार, असं म्हणायचं होतं. पण त्यांना ऐकू कमी येतं, लांबण कशाला.

१० जून, सोमवार.
कोडमधली ती नावं काढणार होतोच. शनिवार-रविवार अभिनंदन स्वीकारण्यात गेले.
सकाळी दवाखान्याचा फोन. बाहेर खरे पेशंट गाल धरून उभे, आणि स्क्रीनवर माझे मेहुणे. त्यात वेबसाइटवरून सासऱ्यांना आपोआप मेसेज गेला, अकरा वाजता अक्कलदाढीसाठी या. ते गेले. त्यांना स्वतःचा एकही दात नाही, पूर्ण कवळी आहे. ती त्यांनी काढून डॉक्टरीण बाईंच्या हातात दिली आणि सांगितलं, जावयाने बोलावलंय, तो इथला मोठा साहेब आहे.
मॅनेजरनी आत बोलावलं. मी निदर्शनास आणून दिलं की मेसेज जायची सोय पहिल्याच दिवशी बिनचूक चालली. त्यांना ती बाजू बघायची नव्हती.
टेस्टरने माझ्या खुर्चीत बसून ती एरर गिळणारी ओळ काढली. लगेच लाल अक्षरं आली. स्वच्छ लिहिलं होतं की डेटा अजून पोहोचलेलाच नाही. पाहुणे यायच्या आधीच मी दार लावून घेत होतो म्हणे. तिने बाइंडिंगची ओळ उचलून डेटा मागवणाऱ्या ओळीच्या खाली ठेवली. ग्रिड भरलं. खऱ्या पेशंटांनी.
मला नेमकी तीच शंका होती, असं मी म्हटलं.

११ जून, मंगळवार.
लीडची जागा टेस्टरला मिळाली. ठीक आहे. लीडला कोड कमी आणि मीटिंगा फार, माझा पिंड तो नव्हे. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांनी त्यांच्या फिरायच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना कळवलंय.
दवाखान्याची एकच अट होती: त्यांच्या कामावर हा माणूस नको. दार अर्धवट उघडं होतं, म्हणून ऐकू आलं. मॅनेजर टेस्टरला म्हणत होते, दुसरा कुणी देतो. तिने नको म्हटलं.
"त्यांनाच राहू दे, सर. नवा माणूस चुका कुठे लपवतो ते शोधण्यात महिना जाईल. यांच्या जागा मला पाठ आहेत."
हे मी इथे कौतुक म्हणून लिहायला घेतलं होतं. दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. तसं वाचता येत नाही.