जागा क्रमांक तीनचं पाणी

५ जानेवारी, सकाळी ७
संकल्प. दर सोमवारी पहाटे किनाऱ्यावर. गुडघाभर पाण्यात पाच ठरलेल्या जागा, प्रत्येकी दोन बाटल्या. त्याच दिवशी पाणी गाळायचं, फिल्टर फ्रीझरमध्ये. उथळ पाण्यात कोणते जिवाणू एकत्र नांदतात, हे जगाला माझ्याकडून कळणार. थीसिसची मुदत जूनअखेर, म्हणजे भरपूर वेळ. बायकोने विचारलं, कुठल्या सालचा जून. ती शाळेत गणित शिकवते, तिला आकड्यांपलीकडे दिसत नाही.

१२ जानेवारी
पोचायला पावणेदहा. ओहोटी. पाणी पार लांब गेलेलं. होडीवाले मामा म्हणाले, साहेब, भरतीचं टाइमटेबल भिंतीवर लावलंय, ते तुमच्यासाठी बदलत नाहीत. उद्धट माणूस. चिखल तुडवत जागा एक, दोन, तीन केल्या. बूट गेला. चार आणि पाचच्या बाटल्या तीनमधूनच भरल्या. समुद्र शेवटी एकच असतो.

१३ जानेवारी
काल गाळायचं राहिलं. बाटल्या घरच्या फ्रीजमध्ये, दुधाशेजारी. हिने दूध बाहेर काढून ठेवलं. नासलं. बोलणी मला.

१९ जानेवारी
सर्दी. गेलो नाही. संशोधनात खंडसुद्धा एक निरीक्षणच असतं.

३ फेब्रुवारी
मोठा दिवस. जागा तीनच्या पाण्यातून प्लेटवर जिवाणूंची पिवळीधमक वसाहत उगवली आहे. अशी कुणी पाहिली नसणार. मी तरी नाही.
लॅबमधल्या काटेकोरबाई (मला सात वर्षं ज्युनियर, थीसिस जवळजवळ पूर्ण) येऊन म्हणाल्या, सर, ब्लँक ठेवलाय ना? ब्लँक म्हणजे निर्जंतुक पाणी तसंच गाळून बघायचं, आपल्याकडून काही मिसळलंय का ते कळतं. मी म्हटलं, स्वतःच्या हातावर भरवसा नसणाऱ्यांनी ठेवावा. त्या आपल्या टेबलाकडे वळल्या. पटलं असावं.

४ फेब्रुवारी
दहाही बाटल्यांचे फिल्टर डीएनए तपासणीला पाठवले. नव्या जिवाणूला नाव शोधतोय. आडनाव लांब आहे, पण बसेल. बाबांना फोनवर सांगितलं. त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. तळमजल्यावरचे डॉक्टर विचारत होते म्हणे, आजार कोणता होतो.

२० फेब्रुवारी
मॅडमना, म्हणजे माझ्या गाइडना, कॉन्फरन्ससाठी गोषवारा दिला. त्या म्हणाल्या, रिपोर्ट येऊ दे. संशयी स्वभाव. तरी मी परस्पर पाठवला.

९ मार्च, दुपारी ३
रिपोर्ट आला. यादीत समुद्रातले जिवाणू नावापुरते. बाकी सगळे माणसाच्या कातडीवर राहणारे. पिवळा तर फार जुना, नाव-गाव असलेला.
मॅडमना म्हटलं, पोहणाऱ्यांचे असतील. त्यांनी विचारलं, जानेवारीच्या थंडीत कोण पोहत होतं? मी म्हटलं, एखादा हौशी. मग त्या म्हणाल्या, तीन, चार आणि पाच यांच्यात केसभरही फरक कसा नाही? मी लाटांबद्दल बोलायला लागलो. त्या ऐकत राहिल्या. कुणी तसं ऐकत राहिलं की माझं बोलणं आपोआप संपतं. शेवटी खरं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० मार्च
गोषवारा मागे घेतला. मुदतवाढ मागितली, मिळणार नाही. बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. दुसऱ्या खेपेला सांगितलं. तिने गॅस बंद केला, स्टूल ओढून बसली. म्हणाली, थीसिसला अकरा वर्षं झाली, आता तरी खरं सांग, तुला हे आवडतं का? समुद्र आवडतो, म्हटलं. ती म्हणाली, मी समुद्राबद्दल विचारलं नाही.

२३ मार्च
माझं काम अखेर सभागृहात पोचलं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मॅडमचं लेक्चर: पाणी कसं गोळा करू नये. पडद्यावर माझा रिपोर्ट, नाव झाकलेलं. मागच्या रांगेत मीच. एका मुलीने विचारलं, मॅडम, हा नमुना कोण? तिला ‘कुणाचा’ म्हणायचं असणार. सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. मॅडम हसल्या नाहीत.
थीसिस सोडण्याच्या अर्जावर सही केली. उद्यापासून काटेकोरबाईंच्या हाताखाली, सहा महिने. काम, बाटल्यांवर लेबलं लावणं. आज सरावाला वीस लावली. त्या म्हणाल्या, सर, तुमचं अक्षर छान आहे.