घर मी त्यांनाच विकलं

बाबा, घर विकलं. कोणाला, तेही ऐका. शेजारच्यांना. ज्यांचं नाव तुम्ही या घरात कोणाला काढू दिलं नाहीत, त्यांच्या मुलाला. धंतोलीच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तुम्ही माझं मनगट धरून म्हणाला होतात, "घर इकू नको. अन् इकलंच तं त्याइले नको देजो. शब्द दे मले." मी सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिले. गप्प बसणं म्हणजे होकार, हा या घरातला नियम तुमचाच. तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. पण मी शब्द दिला नव्हता, बाबा. या गोष्टीला अकरा वर्षं झाली आणि त्यातला एकही दिवस मी हे विसरलेले नाही.

तुमच्यानंतर आम्ही सासरहून इथं राहायला आलो. या दिवाळीनंतर घर विकायला काढलं, आणि तेव्हापासून आम्ही त्यात पाहुण्यांसारखे राहतोय. तुम्ही न पाहिलेली माझी दोन लेकरं आहेत, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. लेकरं असलेलं घर विकायचं म्हणजे काय, ते तुम्हाला कळलं नसतं, कारण तुमच्या घरात मी लेकरू असूनही नसल्यासारखीच होते. रविवारी दलालाचा फोन येतो, "मॅडम, पार्टी निघाली, अर्ध्या तासात पोचून राहिली. लेकराइले जरा बगिच्यात पाठवा." मग मी धावते. खेळणी बंद कूलरच्या पोटात, ओले टॉवेल पलंगाखाली, उष्टी ताटं ओव्हनमध्ये. एकदा लेकरांना बाहेर न्यायला कोणी नव्हतं, तेव्हा मुलानं आलेल्या बाईंचा हात धरून त्यांना माडीवर नेलं आणि सांगितलं, "इथं पावसात आम्ही बादली ठेवतो. दोन बादल्या." त्या बाई पुन्हा आल्या नाहीत. नवरा म्हणाला, "काहून एवढी घाई करून राहिली तू? पोरांची परीक्षा तं होऊ दे." त्याला मी माडीवरच्या गळक्या पत्र्याचं कारण सांगितलं, शाळेजवळच्या फ्लॅटचं सांगितलं. खरं कारण त्यालाही सांगितलं नाही. खरं कारण स्वयंपाकघरात आहे.

मी नववीत होते. ओट्यासमोरच्या खिडकीतून समोर शेजारच्या काकूंचं स्वयंपाकघर दिसायचं, मध्ये फक्त कंपाउंडची बुटकी भिंत आणि हातभर बोळ. आई इकडून सांबारवडीची ताटली द्यायची, तिकडून गोळाभाताची वाटी यायची. ताटलीबरोबर बोलणंही यायचं. आईला हसताना मी फक्त त्या खिडकीशी पाहिलं आहे. मग कंपाउंडच्या भिंतीवरून तुमचा आणि काकांचा वाद झाला. वीतभर जागा त्यांनी दाबली असं तुमचं म्हणणं. तुम्ही ओव्हरसियर, हे घर स्वतः उभं राहून बांधलेलं, सगळ्या नागपूरच्या भिंती मोजलेल्या, तुमचं माप चुकणार कसं? आईनं तरी ताटली देणं थांबवलं नाही. एका शनिवारी तुम्ही ऑफिसातून लवकर आलात आणि तिला त्या खिडकीशी हसताना पाहिलंत. तुम्ही ओरडला नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात विटा आल्या. गवंडी नाही बोलावला, स्वतः थापी-करणी हाती घेतलीत. आणि विटा उचलून द्यायला कोणाला उभं केलंत? आईला. ती एकेक वीट पाण्यात बुडवून तुमच्या हातात देत होती. मी दारात उभी होते. समोर काकू होत्या, त्यांचा चेहरा आधी हनुवटीपर्यंत झाकला गेला, मग नाकापर्यंत, मग नुसतं कपाळ आणि कुंकू राहिलं. शेवटची वीट बसवल्यावर तुम्ही हात धुतलेत आणि म्हणालात, "आता भाजी करपणार नाही."

नागपूरचा मे महिना, आणि त्यात बिनखिडकीचं स्वयंपाकघर. आई पोळ्या करून बाहेर यायची तेव्हा तिचा पदर पिळला तर पाणी निघेल असा असायचा. तुम्ही ताटावर बसून विचारायचात, "मीठ कमी काहून आहे?" आणि ती मीठ आणायला पुन्हा त्या भट्टीत जायची.

मग तो मंगळवार. माझं लग्न झालेलं, मी मौद्याला सासरी. तुम्ही पेन्शनच्या कामाला बँकेत. आई ओट्यापाशी घसरून पडली, खुबा मोडला. दोन तास ती फरशीवर पडून हाका मारत होती. त्याच वेळी काकू पलीकडे, दहा पावलांवर, गहू निवडत बसल्या होत्या. त्यांच्यापर्यंत एक हाक गेली नाही. तुम्ही आलात तेव्हा तिचा आवाज बसला होता. पुढची दोन वर्षं ती अंथरुणात होती, आणि तिथूनच गेली. तेराव्याला काकू फाटकापर्यंत आल्या होत्या, तुम्ही आत येऊ दिलं नाहीत. त्यांनी मला फाटकाबाहेर बोलावून एवढंच म्हटलं, "मले ऐकू आलं असतं वं पोरी." त्या वाक्याचं मी काय करायचं, हे मला इतकी वर्षं कळत नव्हतं. दिवाळीनंतर कळलं.

आता एक गोष्ट सांगते, ती माझ्याविरुद्ध जाते, तरी सांगते. जानेवारीत एक पार्टी यायची होती. बैठकीला नवा रंग दिला होता, आणि मुलीनं त्यावर निळ्या खडूनं आगगाडी काढली, दारापासून थेट शोकेसपर्यंत. मी तिचा दंड धरला आणि तिला बाहेरच्या पायरीवर बसवलं. "भिंतीले हात लावायचा नाही. घर तुझं नाही हे." मी घरात कधी -ले बोलत नाही, बाबा. तो तुमचा आवाज होता, तुमचं वाक्य होतं, ते मी त्याच पायरीवर बसून ऐकलेलं आहे. मुलगी रडली नाही. तिनं विचारलं, "मग कोणाचं आहे?" मी ओलं फडकं घेतलं, दोन डबे पुसले आणि बाकीची आगगाडी तशीच राहू दिली. येणाऱ्यांनी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

ते आलेले लोक चांगले होते. रिटायर मास्तर आणि त्यांची बायको, नरखेडकडचे, मुलाजवळ राहायचं म्हणून शहरात येणारे. खोल्यांतून ते देवळात फिरल्यासारखे फिरले. बाई म्हणाल्या, "आम्ही काहीच बदलणार नाही, जसं आहे तसंच ठेवू." दलाल खूश, नवरा खूश. मी त्याच संध्याकाळी नाही कळवलं. जसं आहे तसं ठेवणारा माणूस मला नकोच होता. दुसऱ्या दिवशी मी शेजारचं फाटक उघडून आत गेले. काका केव्हाच गेले आहेत. मुलगा दातांचा डॉक्टर आहे, त्याला दोन्ही प्लॉट मिळून दवाखाना बांधायचा आहे. मी म्हटलं, "घ्यायचं असेल तर तुम्ही घ्या." तो गोंधळला. म्हणाला, "ताई, आम्हाले तं घर पाडावं लागन. चालन का तुम्हाले?" चालेल का? त्याच्यासाठीच तर आले होते. त्यानं आम्हाला परीक्षा होईपर्यंत राहू दिलं.

आणि सह्या झाल्यावर, महिनाभरात पडणार असलेल्या घरात, मी गवंडी बोलावला. नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "पाडूनच राहिले ना ते सगळं, मग हे काय नवीन?" मी म्हटलं, फक्त ही एक भिंत. दोन्ही लेकरं ओट्यावर बसून बघत होती. तुमच्या विटा सहज निघाल्या नाहीत. दुपारपर्यंत मनगटाएवढं भोक, संध्याकाळी पूर्ण खिडकी. गवंडी धूळ झाडत बाजूला झाला आणि पलीकडे काकू उभ्या होत्या, वाकलेल्या, डोळ्यांवर हात धरून. मला वाटलं होतं त्या तुम्हाला दोन शब्द सुनावतील. मला ते ऐकायचे होते, बाबा, त्यासाठीच हा खटाटोप. मीच सुरुवात केली, "काकू, बाबांनी तुमच्यावर फार अन्याय केला." त्या म्हणाल्या, "तुह्या बापाशी मले काय करायचं होतं वं. माझं तं तुह्या मायशी बोलणं राहून गेलं." मग त्यांनी माझ्या मुलाला त्याचं नाव विचारलं. आता तो रोज ओट्यावर चढतो आणि त्यांच्याकडून शेंगदाण्याची चिक्की घेतो. या घरात पहिल्यांदा वारा आहे, आणि आम्ही पंधरा दिवसांनी निघतोय.

हे पत्र तुमच्या फोटोसमोर मोठ्यानं वाचायचं, असं ठरवून मी लिहायला बसले होते. जे तुम्ही आयुष्यभर राखलंत ते मी कसं घालवलं, हे तुमच्या तोंडावर सांगायचं होतं. इथपर्यंत लिहिलेलं सगळं वाचलंही असतं. पण काल घर पाडणारा ठेकेदार पाहणीला आला. त्यानं जिन्याखाली, खांबांना, माडीच्या बीमला छिन्नी लावून पाहिली, आणि डॉक्टरला म्हणाला, "साहेब, दहा दिवस नाही, महिना धरा. असं काम मी पाह्यलं नाही. कोण होता गा हा मिस्तरी?" डॉक्टर काही बोलायच्या आत मी जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणाले, "माझे वडील." नुसतं म्हणाले नाही. ओढणी सारखी केली, खाली आले, आणि त्या अनोळखी माणसाला हिंडून हिंडून दाखवलं, कुठल्या खांबात तुम्ही किती सळ्या घातल्यात, माडीच्या स्लॅबवर किती दिवस पाणी धरलंत. त्यानं विचारलं नव्हतं. मला सगळं पाठ होतं.

हे तुम्हाला कळू द्यायचं नाही. म्हणून वाचणार नाही.