काठ्या खोलीतच होत्या

सोम., १० फेब्रुवारी १९३६. बारामती, दवाखान्याची ओसरी.

लिहिणं भाग आहे. फौजदार येतील, माझ्या तोंडून एक खरी गोष्ट काढून घेतील, आणि तिच्यावर सणसर गाव सुटेल. गोष्ट अशी: गावातल्या सगळ्या काठ्या माझ्या शाळेच्या मागच्या खोलीत कुलपात आहेत. किल्ली माझ्या कमरेला. बाकीचं कोणी विचारणार नाही, म्हणून ते इथे.

संक्रांतीला देवळापुढे सभा झाली. अध्यक्ष माझा धाकटा भाऊ, सगळ्या गावाचा तात्या. देवापुढचा बेलभंडार हातात घेऊन एकेकाने शपथ घेतली: गावविहीर महारांनाही खुली, आणि कोणी कोणावर काठी उचलणार नाही. लगेच काठ्या आणून माझ्या खोलीत रचल्या. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

काल सकाळी महारवाड्यातला भिवा घागर घेऊन विहिरीवर गेला. शेजारच्या फडात तोडणी चालली होती. तिथले लोक धावले, हातात ऊस.

मी पोचले तेव्हा त्याचा हात कोपराखाली उलटा वळला होता. ऊस मोडला की दुसरा घेत. घागर त्याच्याच डोक्यावर चेपली. डावा डोळा... नको. तात्या कठड्याशी उभा. मी त्याचा दंड धरून हलवला तेव्हा म्हणाला, "पुरे रे आता." लगेच थांबले. म्हणजे आधीही थांबले असते.

गाडीवान मिळेना. बैल मीच हाकले. निघताना तात्या म्हणे, "आक्का, फौजदारानं विचारलं तर खरं तेच सांग. काठ्या आत होत्या, एवढंच."

मंगळ., ११.

डॉ. म्हणाले, डोळा गेला. हाताचं सांगता येत नाही. ताप उतरला तर जगेल.

भिवाची बायको सखू उशाशी. रडत नाही. "मी म्हनलं हुतं, बाई, आदी त्यांच्यातलं कुणी बोलवू द्या. तर म्हनं, बेलभंडार उचललाय. देव काय खोटा हाय?"

फौजदारांकडे तक्रार इथूनच धाडली.

बुध., १२. सणसर.

परतले. देवळात बैठक. गणपतराव, ज्यांच्या फडातली तोडणी: "शपथ कुठं मोडली, बाई? काठी उचलली आसंल तर दाखवा. ऊस हुता हातात."

मागून कोणीतरी: "गोड मार हुता!"

हशा. टाळ्या वाजवणारेच हे सगळे.

"गणपतराव, उसाने माणसाचा डोळा फुटतो की नाही तेवढं सांगा."

"आमच्या आया-भैनी पानी भरत्यात तितं. त्येचं काय?"

"संक्रांतीला भरत नव्हत्या?"

मग पुन्हा बेलभंडाराचं तेच तबक फिरलं: कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. पहिला बेल तात्याने उचलला. ही शपथ मात्र पाळतील.

घरी विचारलं, तू मारलंस? "बोटसुद्धा लावलं नाही, आक्का." खरं आहे. आमच्या गावात सगळे खरंच बोलतात.

गुरु., १३.

शाळेत एकही मुलगी नाही. दारावर दगड पडले, एक माझ्या खांद्याला लागला. दगडांच्या ढिगाआडून ओरडले, "बाई, काठी न्हाय हां!" आवाज ओळखला. नाव लिहीन.

विहिरीपासून उचललेली उसाची कांडी ठेवली होती, त्यांना मुंग्या लागल्यात. रसालाही, रक्तालाही. झटकून कापडात शिवली.

शुक्र., १४.

इंदापूरहून फौजदार आले. जेवले तात्याकडे. नंतर माझ्याकडे.

"काठ्या त्या दिवशी खोलीत होत्या?"

"होत्या. पुढे लिहा..."

त्यांनी टाक खाली ठेवला. "तेवढंच पुरे, बाई."

टाक मी उचलला. पुढचं माझ्या हाताने लिहिलं, नावांसकट. पहिलं नाव भावाचं. तो दारात उभा होता. वाचलं त्याने. "आक्का," म्हणाला, आणि...

सुपूर्द केलं ते: माझा जबाब, सहीनिशी. उसाची चार कांडी, रक्त व केस लागलेली. भिवाची चेपलेली घागर. पोच मागितली, म्हणाले, पाठवतो. खोलीची किल्ली गावकऱ्यांनी मागितली. दिली नाही.

बारामतीहून निरोप नाही.

बाकीचा ऊस फडात उभा आहे.