एकोणीस नंबरबद्दल मी काय म्हणालो

गुरुजी,

तपकिरीच्या डबीच्या झाकणावर तुम्ही दोन बोटं मारायचात, टक टक, आणि मग कविता सुरू व्हायची. डबी पितळेची, झाकणाला एका बाजूनं पोचा आलेला, त्यामुळं आवाज जरा बद्दच यायचा. पण सातवीचा अख्खा वर्ग त्या आवाजासरशी गप्प. तपकीर तुम्ही कविता संपल्याशिवाय ओढायचा नाहीत. आधी कविता, मग शिंक, असं आम्ही पाठीमागं हसत म्हणायचो. साठ वर्षं झाली त्याला. आता मी समुद्रापलीकडं, पोरिरुआ नावाच्या गावात, लेकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय. अंगणातली कपडे वाळत घालायची लोखंडी छत्री वाऱ्यानं गरगर फिरतेय, इथला वारा असाच. तुम्हाला लिहितोय कारण मी एक गोष्ट करून बसलोय, आणि ती करताना तोंड माझं होतं पण बोललात तुम्ही. रागावू नका, पहिल्यापासून सांगतो.

ही गेल्यावर मी लेकीकडं आलो, त्याला सहा वर्षं झाली. त्याआधी लेक-जावई चार वर्षं मेलबर्नला होते आणि नातीला तिथल्या फुटबॉलचं वेड तिथंच लागलं. इथं सगळा देश रग्बीचा. हा खेळ शेजारच्या देशातला, इथं हौशी माणसांनी जगवलेला. मला सुरुवातीला काही कळायचं नाही. मैदान क्रिकेटचंच, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथाडला तर सहा गुण, कडेच्या फटीतून गेला तर एक. चेंडू लांबट, दोन्हीकडून टोकदार, कुठं उसळेल त्याचा नेम नाही. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून आवडली. कुणी उंच मारलेला चेंडू दुसऱ्यानं वरच्या वर झेलला की सगळी धावपळ थांबते, आणि झेलणाऱ्याला निवांतपणे पुढचा फटका मारायला मिळतो. इतक्या आडदांड खेळात तेवढी एक जागा कवितेच्या ओळीतल्या यतीसारखी आहे.

नात आता अठरा वर्षांची. गेली दोन-एक वर्षं टीव्हीवर बायकांचेही सामने दाखवायला लागले, तेव्हापासून तिनं मनावर घेतलं. गेल्या वर्षभर रोज संध्याकाळी आम्ही दोघं घरामागच्या हिरवळीवर जायचो. मी चेंडू उंच फेकायचा, तिनं मागं मागं पळत झेलायचा. नुसतं फेकायचा कंटाळा येतो म्हणून मी कविता म्हणायचो. ओळ संपली की चेंडू वर. तुमची ती नावाड्याची कविता. तिला शब्द कळतात, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "आबा, डू द बोट वन," म्हणायची. कडव्याच्या शेवटी मी जरा जास्त उंच फेकतो हे तिच्या अंगात भिनलं होतं. तुम्ही शिकवलेल्या चालीवर एक मुलगी इथं मागं पळत चेंडू झेलते, हे तुम्हाला कळवावं असं तेव्हा फार वाटायचं. तेव्हा कळवलं असतं तर किती बरं झालं असतं.

तर गेल्या रविवारी सराव सामना होता. मोसम सुरू व्हायच्या आधीचा हा सामना कुणी जिंकण्यासाठी खेळत नाही. पण त्यावरून प्रशिक्षक बाई पहिल्या सामन्याचा संघ ठरवतात. पहिला सामना ख्राइस्टचर्चला, बावीस मुली जाणार, नात धरून आशा लावून बसलेल्या तीस. आणि त्यावरूनच कडेला बसणारी मंडळी वर्षभर पुरतील एवढी मतं बनवतात. आम्ही डझनभर होतो. कुणाचा बाप, कुणाची मावशी, एक जोडपं कुत्र्यासकट. मधोमध एक मेलबर्नचा म्हातारा, माझ्याच वयाचा, रुंद काठाची टोपी, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. तो कुणाचा बाप नाही, आजा नाही, नुसता खेळाचा वेडा. बाई संघ ठरवताना त्याची वही मागून घेतात, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळं त्याच्या आजूबाजूला जी काय मतं पडतात ती वाऱ्यावर जात नाहीत.

मतं पण काय एकेक. सात नंबर उन्हाळाभर आईस्क्रीमच्या दुकानातच सराव करत होती, असं तिचाच बाप म्हणाला. बारा नंबरचा डावा पाय अजून सुट्टीवरून परत आला नाही म्हणे. चार नंबर गेल्या वर्षीपेक्षा बरी, पण बरी म्हणजे किती, यावर कुत्रेवालं जोडपं आपसातच भांडलं. मी माझ्या घडीच्या खुर्चीवर बसून सगळं ऐकत होतो, आणि नात एकोणीस नंबरचा बनियन घालून लांब पलीकडं उभी होती. पहिली दोन सत्रं तिच्याकडं चेंडू फिरकला नाही. तिसऱ्या सत्रात कुणीतरी वाऱ्यात एक उंच फटका मारला. चेंडू वर गेला आणि वाऱ्यानं मागं ढकलला. पुढच्या दोघी चुकल्या. नात मागं पळतेय, पाठ मैदानाकडं, तोंड आभाळाकडं, अंगावर येणाऱ्या मुलीकडं बघतसुद्धा नाही. आणि तिनं तो घेतला, पालथी पडली, पण चेंडू छातीशी. मी उभा राहिलो होतो, गुरुजी. कधी उठलो ते कळलं नाही. ओठांत कडव्याची शेवटची ओळ होती.

सामना संपल्यावर पावात सॉसेज घालून वाटतात, ते चाललं होतं. टोपीवाला एकेक नंबर घेत वहीत लिहीत होता, ज्याचं त्याला विचारत होता. माझ्याकडं वळून म्हणाला, "नाइन्टीन इज युअर्स, मेट? वॉट डू यू रेकन?"

मी हसलो. हात झटकला. म्हणालो, "नो, नो. व्हेरी ऑर्डिनरी. लिटल स्लो. नॉट रेडी."

तुम्हाला यात काही वावगं वाटणार नाही. आपल्या पोराचं कौतुक आपण करायचं नसतं, ते समोरच्यानं करायचं. आपण छे हो, कसलं काय, म्हणायचं. मग समोरचा नाही नाही, गुणी आहे हो पोर, म्हणतो. मग आपण मान खाली घालून तुमचा आशीर्वाद म्हणायचं. तसं न म्हणणारा माणूस आपल्याकडं शेफारलेला. मी माझा वाटा बोललो आणि त्याच्या वाट्याची वाट बघत थांबलो. त्यानं क्षणभर विचार केला, "फेअर इनफ," म्हणाला, आणि लिहून घेतलं. उलट्या बाजूनं मला वाचता आलं. एकोणीस, मंद, तयार नाही. मी हात पुढं केला होता, पण कशासाठी ते मलाच सांगता येईना. मागं वळलो तर नात उभी. हातात माझ्यासाठी पाव, त्यात सॉसेज नाही, नुसता परतलेला कांदा. मी मांस खात नाही हे ती कधी विसरत नाही. "हिअर यू गो, आबा," म्हणाली. आणि तडक गाडीत जाऊन बसली. त्या गडबडीत माझी खुर्ची मैदानावरच राहिली.

रात्रीच्या जेवणानंतर लेक माझ्या खोलीत आली. म्हणाली, "बाबा, असं का बोललात हो तुम्ही?" मी म्हटलं, अगं, आपल्यात असंच म्हणतात. "आपल्यात म्हणतात. ते आपल्यातले नव्हते ना." मग माझ्याकडं न बघता: "ती म्हणाली, आबा वर्षभर रोज माझ्याबरोबर आहेत, त्यांना माहीतच असणार." दुसऱ्या दिवशी नातीच्या दाराशी जाऊन समजावून पाहिलं, की ती बोलायची रीत आहे, त्याचा अर्थ उलटा असतो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "इट्स ओके, आबा. यू सेड वॉट यू थिंक." लेकीला म्हटलं प्रशिक्षक बाईंना फोन कर. तर नातीनं तिला बजावून ठेवलंय, फोन केलास तर मी खेळणंच सोडीन. मी स्वतः करीन म्हणून कागदावर इंग्रजी वाक्यं लिहून काढली; वाचून बघितली तर शाळेत रजेचा अर्ज लिहितात तशी. मंगळवारी ती सरावाला गेली नाही. घोटा दुखतोय म्हणाली. उशीवर पाय ठेवून बसली. पण त्याच सकाळी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळून वर जाताना मी तिला ऐकलंय.

असा घोटा कसा दुखतो ते मला चांगलं ठाऊक आहे, गुरुजी. डेप्युटीसाहेब शाळा तपासायला आले होते तो दिवस तुमच्या लक्षात असेल की नाही, कोण जाणे. तुम्ही डबीवर टकटक केलीत आणि माझ्याकडं बोट दाखवलंत. मी उभा राहतो, नावाड्याची कविता म्हणतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि शेवटच्या कडव्याला साहेब टोपी काढून मांडीवर ठेवतात. "गुरुजी, पोरगं छान म्हणतं हो," साहेब म्हणाले. आणि तुम्ही हसून हात झटकलात. "कसलं हो साहेब. घोकलंय नुसतं. अजून कच्चं आहे." मी उभाच होतो. खाली बस असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तालुक्याची पाठांतराची स्पर्धा होती, तुम्ही माझं नाव घातलेलं. त्या दिवशी मला ताप आला आणि थोरल्या भावाबरोबर तसा निरोप धाडला. संध्याकाळी तुम्ही तीन मैल चालत आमच्या घरी आलात, उपरण्यात बांधलेली दोन मोसंबी घेऊन. माझ्या कपाळाला हात लावलात. मोसंबी उशाशी ठेवलीत आणि गेलात. त्यानंतर मला पुन्हा कधी स्पर्धेला घातलं नाहीत. माझा आवाज पुढं बसस्टँडवर कामाला आला; चौकशीच्या खिडकीत बसून तीस वर्षं भोंग्यावर गाड्या पुकारल्या. लोक म्हणायचे, हा माणूस गाडीचं नावसुद्धा चालीत म्हणतो.

तुम्ही गेल्यावर भेटायला आलो होतो. काकूंनी सरळ स्वयंपाकघरातच बसवलं, चुलीपुढं पाट टाकून. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "तुझ्याबद्दल ते फार बोलायचे रे. जेवता जेवता थांबायचे. म्हणायचे, नावाड्याची कविता त्या पोरानं म्हटली तशी पुन्हा कुणी म्हटली नाही." मग त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुला कधी बोलले नाहीत होय?" मग उठून कोनाड्यातली डबी आणून माझ्या हातात दिली. त्या वेळी मी तेहतीस वर्षांचा, मला दोन वर्षांची लेक. येताना एसटीच्या खिडकीशी बसून ठरवलं होतं, की आपण असं करायचं नाही. आपल्या माणसाचं चांगलं आपण आपल्या तोंडानं बोलायचं, समोर, तो ऐकत असताना. इतकं पक्कं ठरवलं होतं. आणि वेळ आली तेव्हा माझा हात आपोआप झटकला गेला, तुमचा जसा झटकला होता अगदी तसाच, हसणंसुद्धा तेच. शिकवलेलं विसरत नाही म्हणतात ते हे असं. आता ती डबी या कागदाशेजारी आहे आणि मी तिच्यावर बोटं ठेवून बसलोय. टकटक करायचा धीर नाही. केली तरी कोण गप्प होणार, आणि मी म्हणू काय?

आज गुरुवार. संध्याकाळी सात वाजता संघाची यादी लागते. आता पाच वाजत आलेत. लेक कामावरून सहाला येईल. नात वरच्या खोलीत आहे, दार उघडं आहे, पाय उशीवर असेल. मी मघाशी जिन्याखाली उभा राहून नावाड्याच्या कवितेची पहिली ओळ म्हटली, जरा मोठ्यानं. वरून उत्तर आलं नाही. मग परत येऊन इथं बसलो.

गुरुजी, एक मिनिट. दारावर टकटक झाली, दोनदा. घंटेची बॅटरी गेल्या महिन्यात संपलीय म्हणून वाजवणारा हातानं वाजवतोय. दाराच्या धुरकट काचेतून एक रुंद काठाची टोपी दिसतेय, आणि काखेत कसलीशी काठ्यांची जुडी. नाही, खुर्ची आहे. माझी घडीची खुर्ची. वही खिशात असेल त्याच्या, नेहमी असते. वरच्या खोलीतून पलंग करकरल्याचा आवाज आला, म्हणजे टकटक तिनंही ऐकलीय. दाराशी जे बोलेन ते वर ऐकू जाणार. आणि माझ्याजवळ कौतुकाचा इंग्रजी शब्द एकच आहे, गुड. तो मी बसस्टँडवर परदेशी पाहुण्यांना चहाबद्दल सांगायला वापरायचो. तिसऱ्या सत्रातला तो झेल एवढ्याशा शब्दात मावत नाही. पण तो पुन्हा दार वाजवतोय, आणि मला आता उठायला हवं.

हे पत्र टेबलावरच राहू दे, डबीखाली, वाऱ्यानं उडेल नाहीतर. एवढं लिहितो आणि उठतो. स्पर्धेच्या दिवशी मला ताप नव्हता, गुरुजी. कपाळाला हात लावलात तेव्हा तुम्हाला कळलंच असेल.