मायची चाल

३ फेब्रु., अकोला
घरीच शूटिंग. विद्यापीठातल्या शेवटच्या सेमिस्टरची फिल्म, पंधरा मिनिटांची. विषय मीच निवडला : बाबांची भीमगीतांची पार्टी. कॅमेरा वर्गातल्या मृण्मयीकडे. ती अमरावतीची, राजापेठची. वडील पौरोहित्य करतात. आमच्या वस्तीत पहिल्यांदाच आली. बाबा पेटीवर, वामनकाका ढोलकीवर. चाळीस वर्षांची जोडी.
चार गाणी झाली. मृ.ने सहज विचारलं, "काका, तुमची आई काय गायची?"
बाबा थांबले. मग गायले. जात्यावरची ओवी, विठ्ठलाची! मी जन्मात ऐकली नव्हती. आणि चाल... त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या भीमगीताची.
वामनकाकांनी ढोलकी बाजूला सारली. "हे काहून गाऊन राहिला बे? पोरी, हे काप."

४ फेब्रु.
सकाळी बाबांना विचारलं. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा आजी नवी नवरी. घरातले देव तिनंच नदीत सोडले. परत कधी कुठल्या देवापुढे हात जोडले नाहीत.
"पन एकटी दळाले बसली का गाये. मी दाराआडून आयको. मी दिसलो का चूप."
आईलाही हे माहीत नव्हतं.

११ फेब्रु., अमरावती
विभागातल्या सरांना कच्चं एडिटिंग दाखवलं. ओवीवर खूश. "हाच फिल्मचा आत्मा! मुळं शेवटी एकच."
संध्याकाळी मृ.कडे. तिच्या वडिलांनी लॅपटॉपवर पाहिलं. प्रेमानंच म्हणाले, "बघ बेटा, मूळ आपलंच की."
आपलं म्हणजे कोणाचं? चहा पिऊन निघाले. मृ. फाटकापर्यंत आली, मान खाली.

१२ फेब्रु.
ओवी काढली. फिल्म नीटनेटकी झाली आणि खोटी. परत घातली, तर सरांचं म्हणणं खरं वाटायला लागलं. मृ. म्हणे, "मी विचारायलाच नको होतं." मी नुसती एडिटिंग करत राहिले. तिला लागलं असणार.
शेवटी बाबांना फोन. सगळं सांगितलं, 'आपलंच'सुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग :
"देव मायनं सोडला. चाल नाही सोडली. चाल देवाची नव्हती, माह्या मायची होती. हे बी टाक त्यात. मी सांगतो क्यामेऱ्यासमोर."

२ मार्च
विभागात फिल्म दाखवली. बाबा आले, वामनकाकांना घेऊन. ओवी सुरू झाली तसे काका उठून बाहेर गेले. बाबांचं बोलणं त्यापुढे होतं, ते त्यांनी ऐकलंच नाही. बाबा खुर्चीवरून हलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर.
नंतर मृ.चे वडील बाबांना भेटले. म्हणाले, "पेटी छान वाजवता." अजून काही म्हणायचं होतं बहुतेक. बाबाही थांबले होते. पण तेवढंच.
काका विभागाच्या फाटकाबाहेरही नव्हते. एकटेच अकोल्याला गेले होते.

३ मार्च
बाबांचा फोन. मी म्हटलं, "काकांशी बोला ना. पुढचं ऐकलंच नाही त्यांनी."
"त्याच्या बापाले देवळाच्या पायरीवर मारलं व्हतं. ह्यानं डोयानं पाह्यलं, लहान असताना. आता त्याले मी काय आयकवू?"
"मग गायलात ते चुकलं?"
"नाही. मायचं गाणं चुकीचं कसं होईन?" मग म्हणाले, "अन् त्याचा राग बी चुकीचा नाही."
रविवारी तालीम आहे. ढोलकी कोण वाजवणार, विचारलं.
"पाहू," म्हणाले. "आपन दार उघडं ठेवू."